केवलरामनं लस रिजेक्ट केली त्याची गोष्ट

रुआबांध्याच्या त्या गल्लीत केवलरामचा शब्द चालायचा, आणि का नाही चालणार? चौतीस वर्षं माणूस पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरात माल तपासायला होता. ट्रकमधून माल उतरला की चलान याच्या हातात. चलानवर एक नंबर आणि मालावर दुसरा दिसला, की केवलराम लाल पेन काढून लिहिणार, 'रिजेक्ट'. साहेब लोक फोन करून थकले, पण एकदा लिहिलेला रिजेक्ट त्यानं उभ्या नोकरीत मागं घेतला नाही. रिटायर झाल्यावर त्यानं चांदणी नावाची गाय पाळली. त्याचं बघून गल्लीत आणखी सात जणांनी गायी बांधल्या आणि गायीला खायला ढेप कोणती घ्यावी इथपासून सगळं त्यालाच विचारू लागले. आता अशा माणसाच्या डोक्यात थोडी हवा जाणारच की हो!

त्या वर्षी गायींवर लंपी आला. आधी ताप, मग अंगभर सुपारीएवढ्या गाठी, दूध बंद, आणि काही गायी बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेजारच्या राज्यातले व्हिडिओ मोबाइलवर फिरत होते. ते पाहून केवलरामला जेवण जाईना. रोज सकाळी तो चांदणीच्या अंगावरून शिंगांपासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा आणि गाठ नाही लागली की मगच चहा प्यायचा. म्हणून लस टोचायला सरकारी डॉक्टर येणार हे कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला. त्यानं अंगण झाडलं, चांदणीला आंघोळ घातली, स्वतःही धुतलेला सदरा घातला.

आली ती मृणाल, रायपूरची, नोकरीत तीनच वर्षं झालेली तरुण डॉक्टर. तिनं बर्फाच्या डब्यातून बाटली काढली आणि आतल्या भुकटीत औषधाचं पाणी घालून हलवली.

"काका, ही एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. गल्लीत आठ गायी आहेत ना? चला, पहिली तुमची."

केवलरामनं सवयीनं चष्मा चढवला. "बाटली दाखव बरं इकडे."

लेबल वाचता वाचता त्याच्या भुवया वर चढल्या. "बाई, हे तं बकरीच्या देवीची लस हाय. बकरीच्या! माह्या घरी गाय हाय. माल गलत आला."

मृणाल हसली. "काका, हीच देतात."

ती हसली नसती तर पुढचं काही घडलंच नसतं. चौतीस वर्षांत केवलरामच्या तपासणीवर कोणी हसलं नव्हतं. त्यानं बाटली तिच्या हातात ठेवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला, "रिजेक्ट!"

झालं! समोरच्या बाबुलालनं फाटकाची कडी घातली. त्याच्या शेजारच्या सुगतनं घातली. धडाधड सातही फाटकं बंद झाली आणि मृणाल कालवलेली बाटली हातात धरून उन्हात उभी राहिली.

तेवढ्यात केवलरामची बायको सरला चहा घेऊन बाहेर आली. "अवो, लस रिजेक्ट केली तं केली. चहा तं पिऊ द्या पोरीले. का त्याचंही लेबल वाचता?"

मृणाल ओट्यावर बसली. चहाचा घोट घेऊन तिनं विचारलं, "काका, डावा दंड दाखवता?"

"कावून?"

"दाखवा तर."

केवलरामनं बाही वर केली. दंडावर जुना, गोल, सुरकुतलेला वण होता.

"हा कशाचा?"

"देवीच्या लशीचा. भंडाऱ्याले शाळेत होतो तवा टोचली होती. बम रडलो होतो."

"त्या लशीत माणसाच्या देवीचा विषाणू नव्हताच, काका. त्याचा एक भाऊबंद होता. गायीच्या देवीवरून ती लस सुचली. धार काढणाऱ्या बायांच्या हाताला गायीच्या सडांवरचे फोड यायचे, आणि मग गावात देवी आली तरी त्या बायांना व्हायची नाही. हे विषाणू एकाच कुळातले असतात. शरीरानं एकाला ओळखून ठेवलं, की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आला तरी दारातच पकडतं. लंपीचा विषाणू आणि बकरीच्या देवीचा तर सख्खे भाऊच म्हणा. आणि तुम्हाला टोचलेली लस आपल्याकडे बहुतेक म्हशीच्या पारड्यांच्या कातडीवर तयार व्हायची."

केवलराम दचकला. "म्हंजे माह्या अंगात म्हशीचा माल?"

"तरीच!" सरलानं कपाळाला हात लावला. "तरीच हा माणूस आंघोळीले बसला का घंटाभर पाण्यातून निघत नाई!"

मृणालला ठसका लागला. केवलरामनं गंभीर राहायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण त्याचंही पोट हलायला लागलं.

हसणं ओसरल्यावर त्यानं बाटली पुन्हा मागून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. डोक्यात स्टोअरातली बेअरिंगं फिरू लागली. मागवलेल्या कंपनीचं बेअरिंग नाही मिळालं की दुसऱ्या कंपनीचं यायचं. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण आतलं माप तेच, बाहेरचं माप तेच, शाफ्टवर चपखल बसायचं. असा माल तो बिनबोभाट पास करायचा, कारण ऑर्डरमध्येच तशी सोय लिहिलेली असायची.

तो ताडकन उभा राहिला. "अवं पोरी, मंग सिद्धं सांगाव ना! ऑर इक्विव्हॅलेंट हाय म्हणून!"

"म्हणजे?"

"म्हंजे लेबल दुसरं, पण फिट बसते! हान सुई!"

सुई टोचताना चांदणीनं शेपटी केवलरामच्या तोंडावर हाणली. तरी तो खूश.

पण या सगळ्यात सव्वा तास गेला होता, बाटलीला पाऊण तासच उरला होता आणि सात फाटकं बंद होती. मृणालनं बाबुलालची कडी वाजवली. आतून आवाज आला, "मैडम, काका ने रिजेक्ट किया है. बकरी का माल है."

"पण काकांनी आता स्वतःच्या गायीला दिली."

"तो काका खुद बोलें."

मृणाल परत आली आणि केवलरामकडे पाहत राहिली. आली का पंचाईत! आपला रिजेक्ट आपणच मागं घ्यायचा, तोही भर रस्त्यात? 'जाऊ दे, ज्याची गाय त्यानं पाहावं,' असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात सुगतच्या फाटकावरून त्याची कालवड डोकावली. दोन वर्षांची, कपाळावर पांढरा टिळा असलेली. बाजारात तिचे दात पाहून केवलरामनंच ती निवडून दिली होती. तिच्या अंगावर गाठी आल्या तर? त्यानं चपला सरकवल्या आणि गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"ऐका रे..." खाकरून त्यानं पुन्हा सुरुवात केली. "ऐका! लस बराबर हाय. म्याच रिजेक्ट केली होती, म्याच पास करून राहिलो. माह्यं चुकलं!"

मग बाबुलालचं फाटक किलकिलं झालं. "काका, फिर से बोलिए. ठीक से सुनाई नहीं दिया."

"माह्यं चुकलं, म्हणलं! आता गाय पकड, नाई तं तुलेच टोचाले सांगतो!"

गल्लीत हशा उसळला आणि कड्या निघू लागल्या. केवलराम प्रत्येक घरी पुढे. गायीची वेसण धरायची, मालकाला ऑर इक्विव्हॅलेंट समजावायचं आणि मृणालला म्हणायचं, "चाल, हान." चौथ्या घरापर्यंत लोक एकमेकांनाच समजावू लागले होते. सुगतच्या कालवडीला सुई बसली तेव्हा केवलरामनं तिचं कपाळ कुरवाळलं आणि त्याचे डोळे भरून आले. आठवी गाय झाली तेव्हा दहा मिनिटं अजून शिल्लक होती.

मृणालची गाडी पुढच्या गावाला, कुम्हारीकडे निघून गेली. केवलराम घामाघूम होऊन, छाती फुगवून घरी आला. फाटकातच सरला उभी होती, तोंडाला पदर लावून.

"मी आयकलं ते खरंच तुमी म्हणलं?"

"काय?"

"तेच. रस्त्यावर म्हणलं ते."

"हाव. म्हणलं."

"एकेचाळीस वर्षं झाले लग्नाले. मले तं कदी नाई म्हणलं."

केवलरामनं चांदणीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मदतीला कोणी येणार नव्हतं. मग तो तिच्याकडे पाहून हळूच म्हणाला, "माह्यं चुकलं, सरला."

"कशाकशात?"

तो विचारात पडला. "ते तूच सांग ना. लिस्ट तं तुह्यापाशीच असंन."

सरला अशी हसली की चांदणीनं मान वळवून पाहिलं. मग तिनं अंगणात खाट ओढली आणि म्हणाली, "बसा मंग. चहा ठेवतो. बम वेळ लागंन."