मधला खांब

खामगावात बिल्डिंगा बांधणाऱ्या मंडळींत मला आडमुठी मॅडम म्हणतात. मला ते ठाऊक आहे, कारण माझ्या पाठीमागे बोलताना आवाज कमी करायची तसदी कोणी घेत नाही. म्हणा बापहो. माझ्या कामात मऊ माणूस काय कामाचा?

काम असं, की नगर परिषदेचे दोन-चार इंजिनियर गावातलं प्रत्येक बांधकाम पाहू शकत नाहीत. म्हणून आमच्यासारख्या खासगी लोकांना पर्यवेक्षकाचा परवाना मिळतो. नेमतो मालक, पण उत्तर द्यायचं परिषदेला. फोनवर अधूनमधून सूचना येतात. लोखंड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नका, नुसत्या फोटोवरून सही करू नका, काम सोडायचं तर लेखी कळवा, तोवर जबाबदारी तुमचीच. बहुतेक जण या सूचना ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांसोबत पुसून टाकतात. मी वाचते. चिडलेली असले तर दोनदा वाचते.

पंजाबराव म्हणजे मोठे शेतकरी, आता बिल्डिंगीच्या धंद्यात उतरलेले. नांदुरा रोडला त्यांचं दुमजली काम चाललं होतं. खाली दुकानाचा हॉल आणि वर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची अभ्यासिका. रोहिणखेड, धामणगाव बढे, कुठून कुठून पोरं खामगावात येऊन खोल्या करून राहतात, ती तिथं दिवसभर बसणार. हॉलचा स्लॅब त्यांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला धरला. सणाचा दिवस, वेगळा मुहूर्त काढायला नको, आणि मजुरांना आमरस-पोळीचं जेवण. मला आदल्या संध्याकाळी फोन आला, ‘‘मॅडम, उद्या या. सही करा अन् रस खाऊन जा.’’

गेले तर मिक्सर धडधडत होता. हॉलमध्ये टेकूच्या बल्ल्यांच्या जंगलात मधोमध चौरंग मांडलेला, त्यावर कलश, आणि पंजाबरावांच्या पत्नी तानुबाई हळदीकुंकू वाहत होत्या. चौरंग जिथं होता तिथं खांब असायला हवा होता. मागच्या भेटीत त्याच्या सळ्या जमिनीतून छातीइतक्या वर आलेल्या मी मोजून घेतल्या होत्या. चारही बाजूंचे बीम याच खांबावर येऊन टेकणार होते.

मी वाकून चौरंगाखालची रांगोळी हातानं पुसली. खाली ताजं सिमेंट लिंपलेलं होतं. सळ्या मुळापासून कापून वर हात फिरवलेला.

‘‘मॅडम, पूजेची रांगोळी हाये थे!’’ तानुबाई ओरडल्या.

‘‘काकाजी, खांब कोठी गेला?’’ मी पंजाबरावांना विचारलं.

ते हसले. ‘‘काढला. अकोल्याचे वास्तूवाले येऊन गेले ना. म्हने घराच्या नाभीत खांब म्हणजे पोराच्या लग्नाले आडकाठी. आमच्या ज्ञानेश्वरचं तीन वर्षं झाले जमून नाई राह्यलं. आता समजलं काऊन ते. बीमात दोन सळ्या जास्तीच्या टाकल्या, मंग काय पाहिजे?’’

‘‘खांब पाहिजे.’’

‘‘तुमच्यात वास्तू-बिस्तू मानत नाईत, मले माहीत हाये.’’

तुमच्यात म्हणजे कोणात, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मिक्सरवाल्यानंसुद्धा मान फिरवली. माझ्या कानशिलात रक्त चढलं, पण आवाज मी चढू दिला नाही.

‘‘आमच्यात नाई मानत,’’ मी म्हणाले. ‘‘पण या स्लॅबचं वजन आमच्यात जेवढं भरते, तेवढंच तुमच्यात बी भरते. खांबाशिवाय हा स्लॅब मी टाकू देनार नाई.’’

‘‘मंग नका करू सही. राजीनामा द्या, दुपारपर्यंत दुसरा इंजिनियर आणतो.’’

मला ठाऊक होतं, आणतील. अशा सह्या करणारे आहेत. मी कागद लिहून दिला की माझे हात स्वच्छ, आणि नव्या माणसाच्या सहीनं स्लॅब टाकला जाईल, वर टाइल्स बसतील, टेबलं लागतील, आणि पोरं येऊन पुस्तकं उघडतील. त्यांना कोण सांगणार, की खाली काहीतरी कापलेलं आहे?

बाहेर येऊन मी बाबांना फोन लावला. माझे वडील माणिकराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत, गावाला चांगलं ओळखतात. सगळं ऐकून म्हणाले, ‘‘बाई, राजीनामा दे अन् मोकळी हो. त्याहीच्या तोंडी लागून आपलं पोट भरते का?’’

‘‘मोकळी मी होईन बाबा. अन् अथी बसनारे पोट्टे?’’

राजीनाम्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. म्हणाले, ‘‘डोक्यावर रुमाल घे. ऊन लय हाये.’’

मी शिडीवरून वर गेले. वर सळ्यांची जाळी विणून तयार होती, वैशाखातल्या तव्यासारखी तापलेली. सिमेंटच्या रिकाम्या गोणीची घडी करून मी बरोबर मधोमध बसले, जिथं खांबाचं डोकं यायला हवं होतं. फोटो काढले, परिषदेला पाठवले, आणि लिहिलं की मंजूर नकाशातला खांब काढलेला आहे, मी काँक्रीटला परवानगी दिलेली नाही आणि मी कामही सोडलेलं नाही.

‘‘उतरा व मॅडम,’’ घमेलेवाल्या बायांची म्होरकी मंजुळाबाई खालून म्हणाली. तिचा आवाज गोड नव्हता. ‘‘स्लॅब नाई पडला त आमची रोजी बुडते. सणाचा दिस हाये.’’

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण उतरले नाही. ‘‘मंजुळामाय, तुहं खरं हाये. भांडन करायचं त खांब कापनाऱ्यासंगं कर, मी तुह्या बाजूनं उभी राहीन.’’

‘‘टाका रे!’’ पंजाबराव गरजले. ‘‘कवालोक बसते पाहू. बाजूनं टाकत या, उठीन आपोआप.’’

पहिली घमेली वर येऊ लागली. तेव्हा मी सेंट्रिंगवाल्या देवानंदला हाक मारली. स्लॅबखालच्या सगळ्या लोखंडी प्लेटा आणि बल्ल्या त्याच्या. स्लॅब सुकला की त्या काढून तो दुसऱ्या कामाला नेतो, त्यावरच त्याचं घर चालतं.

‘‘देवानंदभाऊ, टाकाचं असन त टाका. पन तक्रार गेली हाये. चौकशी लागली की खालची एक बल्ली हलवता येनार नाई. तुमच्या प्लेटा पावसाळाभर अथीच. दिवाळीले बी सुटतीन का, मले सांगता येत नाई.’’

देवानंदनं वर पाहिलं, मग पंजाबरावांकडे पाहिलं. मग जाऊन मिक्सर बंद केला.

‘‘बे देवानंद!’’

‘‘काकाजी, माह्या पुढच्या दोन कामायचा माल याच्यात अडकला हाये,’’ तो म्हणाला. ‘‘तुमचं मॅडमसंगं मिटवा, मंग बोलवा.’’

आवाज थांबल्यावर कळलं, किती ऊन आहे ते. पंजाबराव शिडीच्या दोन पायऱ्या चढून आले. एवढ्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. राग होता, पण त्यामागं घाबरलेला बापही होता.

‘‘पोरी, या गावात तुले एक काम भेटनार नाई. माहे शब्द ध्यानात ठेव.’’

‘‘ठेवते,’’ मी म्हणाले. ‘‘तुमी खांब ध्यानात ठेवा.’’

जेवणाचं काय, हे कोणाला विचारायचं धाडस होईना. शेवटी तानुबाईच म्हणाल्या, रस नासून जाईल, पंगत बसवा. मजूर जेवले. मंजुळाबाईनं माझ्याकडे न पाहता एक पोळी आणि रसाची वाटी वर पाठवली. माझ्यावरचा तिचा राग गेला नव्हता. मी वाटी चाटूनपुसून संपवली आणि मजूर घरी जाईपर्यंत तिथंच बसून राहिले.

देवानंद बधला नाही आणि परिषदेची नोटीसही आली, तेव्हा खांब झाला. लिंपण फोडून, खाली भोकं पाडून, नव्या सळ्या बसवून झाला. मी रोज जाऊन उभी राहिले आणि स्लॅब टाकला तेव्हाही उभी होते. ज्ञानेश्वरचं लग्न दिवाळीनंतर नांदुऱ्याच्या मुलीशी जमलं, खांबासकट. मला पत्रिका आली नाही.

पंजाबराव मात्र शब्दाचे पक्के निघाले. हातातली तीन कामं एकेक करून गेली, नवं एकही आलं नाही. आता मी सकाळच्या एसटीनं मलकापूरला जाते, तिथं मला अजून कोणी ओळखत नाही. ओळखतील हळूहळू. खोटं कशाला बोलू, महिनाअखेर जड जाते आणि कधी कधी रडूही येतं.

परवा अभ्यासिकेत गेले. वर जागा नव्हती, सगळीकडे वाकलेली डोकी. तो खांब वरच्या मजल्यातही मधोमध उभा आहे, फळा अर्धा झाकतो. रोहिणखेडची एक पोरगी त्याच्यामागून मान काढून काढून फळ्यावरचं उतरवून घेत होती. शेवटी वैतागून तिनं पेन आपटला.

‘‘कोन्या येड्यानं हा खांब मधात ठेवला व?’’

‘‘मी ठेवला,’’ मी म्हणाले. ‘‘थो नाई सरकनार. खुर्ची सरकव.’’