चौथा गट

“मावशी, आज जरा नीट ऐका हं,” असं म्हणून आमच्या गायनमंडळातला शिंपी माझ्या नजरेला नजर न देता चौथ्या गटात जाऊन उभा राहिला. त्यात सरावाकडे कधी न फिरकणारे फादर आज शेवटच्या बाकावर येऊन बसलेले.

आमचे हे चर्चच्या गायनमंडळाचे मास्तर, तीस वर्षं झाली. गेल्या वर्षापासून यांना ऐकू येत नाही. हे मला ठाऊक आणि डॉक्टरांना. मी तिसऱ्या गटातून खुणा करते. मान हलवली की सूर बरा, चष्मा वर सरकवला की कुणीतरी घसरलं. घरात माझं एक ऐकतील तर शपथ, पण इथे माझ्या चष्म्यावर चालतात. हे मास्तरपण गेलं तर माणूस खचेल, म्हणून मीही वर्षभर खोटं वागले.

“चला, फेरीचं गाणं!” यांनी टाळी वाजवली. गळा तापवायला नेहमी हेच. चार ओळी, चार गट. पहिला गट दुसऱ्या ओळीवर गेला की दुसऱ्याने मागून पहिली धरायची, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. प्रत्येकाने एकदाच म्हणून गप्प व्हायचं. शेवटची ओळ चौथ्या गटाला एकट्याला मिळते.

यांनी चौथ्या गटाला हाताने इशारा दिला. चारही पुरुषांचे ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. मी चष्मा सरकवला, पुन्हा सरकवला. यांनी पहिल्या गटावर डोळे वटारले. कुणी गातच नाही, याला आमच्यात खूणच नव्हती.

पहिला गट थांबला. दुसरा थांबला. आमची शेवटची ओळ मी दम पुरेल तेवढी ताणली, आणि तीही संपली.

चर्चमध्ये चिडीचूप. यांचा हात तेवढा तालात हलत होता. मला राहवलं नाही. माझ्या चिरक्या आवाजात मीच त्यांची ओळ उचलली.

यांनी माझे ओठ हलताना पाहिले आणि तोंडावर बोट ठेवलं.

“तुमचं संपलं ना? मग त्यांना गाऊ द्या की!”

मी गप्प झाले. यांनी शेवटची मात्रा सावकाश खाली आणली, मूठ मिटली. चेहऱ्यावर एवढं समाधान मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

“वा!” हे शिंप्याला म्हणाले. “शेवट असाच हलका सोडायचा.”

मागे बाक जोरात करकरलं. फादर उठले होते. सगळ्यांनी वळून पाहिलं, यांनी नाही.