शिशाचा एप्रन

मित्रांनो, मी एक जुना एप्रन आहे, पण स्वयंपाकघरातला नव्हे. माझ्या अस्तरात शिसं आहे. एक्स-रेचे किरण अंगात शिरू नयेत म्हणून डॉक्टर मला घालतात. पहिल्याच दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाई गं, हा तर माझ्याहून जड!"

तरी बाईंनी मला वर्षानुवर्षं वागवलं. रुग्णाच्या तोंडातून दुर्बिणीची नळी आत सोडून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत त्या जठरामागे दडलेल्या स्वादुपिंडाचं दुखणं शोधत. दुपारनंतर प्रयोगशाळेत बसत. स्वादुपिंडाचा कर्करोग वेळेवर ओळखता यावा, हा त्यांचा ध्यास होता. लांबलांबचे डॉक्टर त्यांचं काम पाहायला येत. मलाही उगाच मोठेपणा वाटे.

मग त्यांचा दादा आला. धंद्याने शिंपी. डोळे पिवळेजर्द, अंग खाजवून लाल झालेलं. टेबलावर पडल्या पडल्या त्याने माझी शिवण चाचपली.

"कोणी शिवलंय हे? काखेत केवढं काचतंय तुला."

"दादा, गप्प पड बघू."

"तुझं सगळं आयुष्य यातच गेलं ना गं? मग खरं सांग, मी बरा होईन?"

"कावीळ उतरवते. खाज थांबेल, जेवण जाईल."

"आणि पुढे?"

बाईंनी माझा पट्टा आवळला.

पित्ताची वाट मोकळी करणारी नळी बरोबर बसली. बाईंचा हात जरासुद्धा हलला नाही, पण माझ्याखाली त्यांची छाती धडधडत होती. मी किरण तेवढे अडवले. दुसरं काय येतं मला?

कावीळ उतरली, दादा चार घास चवीने जेवू लागला. पण स्वादुपिंडातला कर्करोग यकृतात पोहोचला होता. थंडी सरायच्या आत दादा गेला. बाई कामावर आल्या तेव्हा त्यांना माझा पट्टा लावता येईना. सिस्टरने लावून दिला.

आता मला आतून चिरा पडल्यात, म्हणून कोठीत टाकलंय. मित्रांनो, एप्रनची घडी घालू नका, टांगून ठेवा. शिसं चिरलेलं वरून दिसत नाही. आणि घरात कोणी डॉक्टर असेल, तर घरच्या आजारपणात त्यांचीही विचारपूस करा. त्या दिवसांत सगळे नातेवाईक बाईंना एकच विचारत होते, आता पुढे काय? त्या टेबलावर भुलीच्या इंजेक्शनने डोळे मिटता मिटता दादाने मात्र विचारलं होतं, "सकाळपासून काही खाल्लंस का गं?"