विहिरीला कुलूप

विहिरीच्या जाळीला नवंकोरं कुलूप बघून प्रभावतीबाई घागर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तीस वर्षं त्या इथलंच पाणी नेत होत्या. हे कुलूप कुणामुळं लागलं, ते त्यांना विचारायची गरज नव्हती.

कोल्हापूरला खेटून असलेल्या या वाडीत पंधरा दिवस कावीळ होती. काल वाडीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पाठमोरी बाई वाकून लोट्यातलं काहीतरी विहिरीत सोडते, आणि खाली लिहिलेलं, ‘कावीळ कुठनं आली बघा. सगळ्यांना पाठवा.’ प्रभावतीबाई ग्रुपात नव्हत्या. सुनेनं, ऐश्वर्यानं, दाखवला तेव्हा त्यांनी आपल्या लुगड्याचा काठ ओळखला.

जैनाच्या घरी पाणी फडक्यानं गाळतात, आणि फडक्यात अडकलेले जीव धुऊन ज्या पाण्यातले त्याच पाण्यात अलगद सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. मुंगी दिसली तर पाय उचलून धरणारी बाई वाडीला विष घालायला निघाली होती म्हणे.

ग्रुप चालवणाऱ्या हंबीररावांच्या घराच्या पुढच्या सोप्यात जाऊन त्यांनी रिकामी घागर आदळली.

“कुलूप तुम्ही घातलंसा?”

“समद्यांनी मिळून ठरवलंय, वैनी.” हंबीररावांनी फोन पालथा ठेवला.

“आणि व्हिडिओ?”

“मला आला, मी पुढं पाठवला. काळजीपोटी. मी काय काढलेला न्हाय.”

“तुमच्या कट्ट्यावरनं विहीर दिसत्या. मी काय सोडतो, रोज बघतायसा. जिवाणी म्हंजे काय हे तुमच्या मालकिणीला मी ह्याच सोप्यात सांगितलंय, तुम्ही चा पीत ऐकत हुतासा. डोळ्यानं बघितल्यालं खोटं आणि फोनमधलं खरं, व्हय?”

हंबीरराव उठून आत गेले. प्रभावतीबाईही मागोमाग गेल्या.

आतल्या खोलीत हंबीररावांची नात मोना झोपून होती. सात वर्षांची पोर, डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. उशाशी तांब्या.

“पाणी कुठलं ह्ये?”

“नळाचं. विहीर बंद, आता समदी वाडी नळाचंच पिणार की.”

“उकळलंय?”

“उकळल्यावर पाण्यातली ताकद जात्या, असं आलतं.”

“कुठं?”

“ग्रुपवर.”

“दावा मला त्यो ग्रुप.”

हंबीररावांचा अंगठा वर वर सरकत राहिला. गुलाबाचं फूल, सुप्रभात. उसाच्या रसानं कावीळ उतरते. उसाच्या रसानं कावीळ चढते. नाकात थेंब घालणारा वैद्य, फक्त रविवारी. वाडीतल्या धैर्यशीलचा वाढदिवस, त्याखाली एकसष्ट शुभेच्छा. आणि त्या शुभेच्छांच्या मधोमध, चार दिवसांपूर्वीचा, आरोग्य केंद्रातल्या आदिती सिस्टरचा मेसेज. ‘नळाच्या पाण्याचा नमुना पिण्यास अयोग्य आला आहे. विहिरीचा योग्य आहे. तरी सर्वांनी पाणी उकळूनच प्यावे.’

त्यात फूल नव्हतं, फोटो नव्हता. कोण वाचणार?

हंबीररावांनी चष्मा पुसून तो तीनदा वाचला.

“वाढदिवसाखाली दबला ओ ह्यो.”

“वाढदिवसाखाली तुमची नात दबली.”

प्रभावतीबाईंनी उशाजवळचा तांब्या उचलून मोरीत ओतला आणि स्वतःच गॅसवर पातेलं चढवलं. मोनाच्या कपाळावरचे केस मागं सारले. बाहेर आल्या तर हंबीरराव मान खाली घालून टाईप करत होते. ‘क्षमस्व’ लिहून पुढं जोडलेल्या हातांची चार चित्रं टाकली होती.

“ऱ्हाऊ द्या ते. आणि एक मेसेज, आणि कोण वाचणार? बोटानं पसरलंसा, आता पायानं गोळा करा. उठा. कुलपाची किल्ली बी घ्या.”

दोघं घरोघर निघाले. पहिलंच घर तानाबाईचं. तिनं दार अर्धंच उघडलं आणि प्रभावतीबाईंना बघून तेही ओढून घ्यायला लागली.

“थांब,” हंबीरराव म्हणाले. “वैनींचा काय दोष न्हाय.”

“मग व्हिडिओत लोटा दिसतोय त्यो?”

हंबीररावांनी प्रभावतीबाईंकडं बघितलं. त्यांनी तानाबाईकडं बोट केलं. तीस वर्षं बघितलंय, सांगू देत की आता.

“त्याचं काय हाय,” हंबीररावांनी घसा खाकरला, “पाण्यात बारीक जीव असत्यात, ते...”

आतून तानाबाईची नळाखालची कळशी भरत आल्याचा आवाज आला.

“आधी नळाचं सांगा,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “माझं मागनं.”