बिननाकाच्या फळ्याचा पेन

मी एक पेन बोलतोय. पण माझ्यात शाई शोधू नका. माझ्या पोटात एक सेल आहे आणि टोकाला रबराचा मऊ तुकडा. कागदावर मला कितीही घासलंत तरी काही उमटणार नाही. माझं लिखाण उमटतं ते डिजिटल फळ्यावर. धावपळ माझी, रंग तो देतो, रेघ तो देतो आणि कौतुकही त्याचंच होतं. असो. जोडीनं राहायचं तर कुणीतरी पडतं घ्यावं लागतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं मिनिटाला चाळीस भावंडं जन्माला येत, त्यामुळे आईवडिलांचे लाड वगैरे काही आठवत नाहीत. खोक्यात बसून, जहाजातून, मग ट्रकमधून लाल मातीचा फुफाटा खात मी पॅराग्वेतल्या युकेरी गावच्या शाळेत पोचलो. स्वागत झोकात झालं. भाषणं झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक कासियानो यांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"महागाची वस्तू आहे. पोरं मोडतील," ते म्हणाले.

फळ्यावर त्यांच्या बायकोनं स्वतः विणलेली न्यांदुतीची जाळी पांघरली. कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक लेस ती, गावातल्या बायकांची खास कारागिरी. जाळीखाली फळा आणि कुलपाआड मी, असं आमचं एक वर्ष गेलं. माणसांची ही खोड मला तेव्हाच कळली. आवडती वस्तू वापरून झिजवायची नाही. न वापरता जुनी करायची.

वर्षानं राजधानीहून मिर्ताबाई आल्या, शिक्षकांना शिकवायला. तरुण, चटपटीत. त्यांनी धडा फळ्यावर आणला आणि मला हातात घेऊन त्या धड्यावरच लिहायला लागल्या. अवघड शब्दाभोवती गोल, महत्त्वाच्या ओळीखाली रेघ, शंका आली तर समासात टिपण. पोरं आपापल्या टॅबवर जे टाइप करतील तेही फळ्याच्या समासात येऊन बसेल, ज्याच्या त्याच्या नावासकट.

"म्हणजे पुस्तकात लिहायचं?" मागच्या बाकावरून आवाज आला. "अगं पोरी, पुस्तकात रेघोट्या मारल्या म्हणून तीस वर्षं मी कान पिळतेय पोरांचे!"

"आता शाबासकी द्यायची, बाई," मिर्ताबाई हसून म्हणाल्या.

हा आवाज होता न्या ओब्दुलियांचा. गावात वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मानानं 'न्या' लावतात; वर्गातली पोरं मात्र त्यांना 'प्रोफे', म्हणजे शिक्षिकाबाई, म्हणत. त्या सहावीला शिकवत. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा धरलं ते खडू धरतात तसं, चिमटीत, आणि इतकं दाबलं की माझं टोक आत गेलं. शिवाय लिहिताना तळवा फळ्यावर टेकवायची त्यांना सवय. फळ्याला पेन काय, तळवा काय, सगळं सारखंच. त्यानं तळव्यालाही रेघा दिल्या. त्या पुसायला बाईंनी सवयीनं ओलं फडकं उचललं आणि सपकन फळ्यावर फिरवलं.

"बाई, पाणी नको!" मिर्ताबाई ओरडल्या. बाकीचे शिक्षक हसले. ओब्दुलियांनी मला टेबलावर ठेवलं, फडकं पिळलं आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाईट वाटलं. पहिल्याच दिवशी आपल्यामुळे कुणाचं हसं व्हावं, हे काही बरं नाही.

पण वरून हुकूम होता. मग त्या रोज मला हातात घेऊ लागल्या, वैद्यानं दिलेलं कडू औषध घ्यावं तशा. पोरं दोन दिवसांत तरबेज झाली. दिग्नो नावाचा एक तोंडाळ मुलगा तर त्यांचा मास्तरच बनला.

"तळवा वर, प्रोफे! तळवा वर! पोलिसांनी पकडल्यासारखा!"

"तुझ्या आईला सांगते थांब," त्या म्हणायच्या आणि तळवा वर करायच्या.

याच वर्गात लिदुविना होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, अकरा वर्षांची. घरी फक्त ग्वारानी बोलत, शाळेत स्पॅनिश. स्पॅनिश बोलताना ती अडखळायची, पोरं खुसखुसायची, म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं. दीड वर्षात 'हजर' या एका शब्दापलीकडे वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. शाळेत तिच्याशी ग्वारानीत बोलणाऱ्या एकट्या ओब्दुलियाबाई. मधल्या सुट्टीत तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या चहाचा, पेला आळीपाळीनं नळीनं ओढत दोघी पायरीवर बसत. तिथं मात्र ही पोर खळखळून बोलायची.

एकदा फळ्यावर एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट होती. नदीला पूर आला आणि त्यानं होडी पाण्यात लोटली, असं काहीसं. मी एका शब्दाभोवती गोल काढत होतो, तेवढ्यात समासात ग्वारानीतलं एक टिपण उगवलं. 'हा नावाडी खोटं बोलतो. पाणी चढलं की माझे आजोबा होडी वर ओढतात, लोटत नाहीत.' खाली नाव होतं, लिदुविना.

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. अख्खा वर्ग मागे वळला. लिदुविनानं टॅबमागे तोंड लपवलं.

"अरेच्चा!" दिग्नो म्हणाला. "हिला बोलता येतं!"

"येतं, आणि तुझ्यापेक्षा शहाण्यासारखं येतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. त्या दिवसापासून त्या माझ्यावर रागवेनाशा झाल्या. फळ्यासमोर एका वेळी एकच पोर उभं राहू शकतं, आणि तेही धीट असलं तर. समासात मात्र अख्खा वर्ग मावतो. पंधरा दिवसांत नावाड्याच्या गोष्टीचा समास लिदुविनाच्या टिपणांनी भरून गेला. नदीकाठचं सगळं ज्ञान होतं त्यात.

आता माझ्या जोडीदाराचं एक व्यंग सांगायला हवं. माझ्याकडून हातानं लिहिलेलं अक्षर हा फळा दोन सेकंदांनी आपोआप छापील करून टाकतो. दिसायला छान. पण याला येते फक्त स्पॅनिश. ग्वारानीत 'पिता' म्हणजे थांबणं. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक नागमोडी रेघ दिली, तुमच्या अनुस्वारासारखी, की ते नाकातून म्हणायचं, पिताँ, आणि त्याचा अर्थ होतो लाल. 'लाल फूल' लिहिताना बाई माझ्याकडून ती रेघ प्रेमानं काढून घ्यायच्या आणि फळा ती दोन सेकंदांत उडवून टाकायचा.

"प्रोफे, फूल लाल नाही राहिलं! फूल थांबलंय!" दिग्नो ओरडायचा.

"काय करणार बाबा, याला नाकच नाही," बाई म्हणायच्या आणि वर्ग हसून लोळायचा. मीही हसायचो. बिननाकाच्या जोडीदाराची चेष्टा करण्यात गंमत होती. पुढं ती अशी अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

एका बुधवारी मिर्ताबाई तपासायला आल्या. वही उघडून मागच्या बाकावर बसल्या. ओब्दुलियांनी नावाड्याचा समास दाखवायला घेतला. घाईघाईत त्या मला फळ्यावर इकडून तिकडे नेत होत्या. आणि नेमका त्या गडबडीत तळवा टेकला. फळ्याच्या कोपऱ्यात विचारणा आली, सगळं पुसायचं का? बाई घाबरून हात मागे घ्यायला गेल्या आणि तळवा 'हो'वर पडला.

फळा पांढराफटक झाला. पंधरा दिवसांचं सगळं गेलं.

"असू द्या, बाई. सवयीनं जमेल," मिर्ताबाई म्हणाल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं. त्या गेल्यावर ओब्दुलिया खुर्चीत बसल्या आणि वर्गासमोर रडल्या. आधी डोळे पुसले, मग पुसणंही सोडून दिलं. मला त्या वेळी वाटलं, आपण कपाटातच बरे होतो.

मधल्या सुट्टीत त्या मला खिशात घालून कासियानोंकडे गेल्या.

"मला निवृत्तीचा कागद द्या. शुक्रवारी सही करते."

"न्या ओब्दुलिया, अजून दोन वर्षं आहेत तुमची. एका पुसण्यावरून काय?"

"एका पुसण्यावरून नाही. पोरीचं सगळं लिहिलेलं घालवलं मी. जे हातात धरता येत नाही ते शिकवू नये माणसानं."

"राजधानीहून नवीन बाई येईल मग. यंत्रात हुशार असतात त्या. ग्वारानी नाही येणार तिला."

ओब्दुलिया दाराकडे वळल्या. दाराबाहेर तेरेरेचा पेला घेऊन लिदुविना उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं अंगणात असताना ती एकटी वर्गात आली आणि तिनं मला उचललं. टॅबवर ती रोज लिहायची, पण मला तिनं कधी हात लावला नव्हता. तिची बोटं घामानं ओली होती. फळ्याच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत तिनं लिहिलं, 'एपिता, प्रोफे'. म्हणजे थांबा, प्रोफे. हजार हातांनी मला धरलंय, पण इतक्या मनापासून माझ्याकडून कुणी काही लिहून घेतलं नव्हतं.

दोन सेकंद झाले. माझा जोडीदार जागा झाला. 'एपिता' असा शब्दच त्याला ठाऊक नव्हता, म्हणून जवळचा स्पॅनिश शब्द शोधून त्यानं सुबक छापील अक्षरांत मांडला. 'एस्पिता, प्रोफे'. एस्पिता म्हणजे नळाची तोटी.

तेवढ्यात घंटा झाली, पोरं आत घुसली, मागोमाग बाई.

"तोटी, प्रोफे!" दिग्नोनं मोठ्यानं वाचलं आणि वर्गात हशा पिकला.

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. मग लिदुविनाच्या हातात मी दिसलो. त्यांचा चेहरा पडला.

"तोटी," त्या हळूच म्हणाल्या. "बरोबर आहे. काल गळले ना मी तुमच्यासमोर. हरकत नाही. उद्या बंद होतेय ही तोटी. नवीन बाई येईल, ती गळणार नाही."

हशा बंद झाला. कुणाला काही समजेना. मला सगळं माहीत होतं आणि मला वाचा नव्हती! पेनाच्या जन्माला येऊन इतका तडफडलो नाही कधी. फळ्याला तर पत्ताच नव्हता. आपण अक्षर सुधारलं म्हणून तो खुशीत उजळून उभा होता.

लिदुविनानं दाराकडे बघितलं. पळून जाईल असं वाटलं मला. पण ती फळ्याकडे वळली आणि खालच्या कोपऱ्यात मागे वळलेला छोटा बाण असतो, त्यावर तिनं मला टेकवलं. टॅबवर पोरं तो दिवसातून शंभरदा दाबतात. छापील अक्षरं गेली आणि तिचं वाकडंतिकडं, हातानं लिहिलेलं परत आलं.

"एपिता," ती म्हणाली. सगळ्या वर्गासमोर, मोठ्यानं. "तोटी नाही, प्रोफे. मी एपिता लिहिलं. यानं बदललं. तुम्ही जाऊ नका."

कुणी हसलं नाही. दिग्नोसुद्धा नाही.

ओब्दुलिया पुढं आल्या. त्यांनी लिदुविनाच्या हातातून मला घेतलं. मला वाटलं, पुसणार आता. पण त्यांनी तळवा वर धरला आणि 'एपिता'ला जोडून आणखी दोन अक्षरं लिहिली, 'मीना'.

"मोठ्या माणसाला नुसतं एपिता म्हणतात का गं?" त्या म्हणाल्या. "एपितामीना म्हणावं. कृपा करून थांबा. विनंती करायची तर व्याकरण धरून करावी."

दोन सेकंदांनी फळ्यानं त्याचंही 'एस्पिता मिना' करून टाकलं, म्हणजे तोटी आणि खाण. वर्ग खो खो हसला, बाईही हसल्या, आणि हसत हसत त्यांनी स्वतः, कुणी न सांगता, तो मागे वळलेला बाण दाबला.

"म्हणजे पुसलेलं परत येतं होय?" त्या थबकल्या. "मग कालचं तुझं सगळं?"

"नाही, प्रोफे. काल तुम्ही रडलात तेव्हा कुणाला सुचलंच नाही, आणि रात्री फळा बंद केला की बाणाला मागचं आठवत नाही."

"मग बस आणि परत लिही," बाई म्हणाल्या. "नावाडी अजून खोटंच बोलतोय."

शुक्रवारी कासियानोंनी कागद पुढं केला तेव्हा बाईंनी तो वाचलासुद्धा नाही. "ठेवा कपाटात. तुम्हाला सवय आहे," म्हणाल्या.

त्यांनी पुढची दोन वर्षं पुरी केली. लिदुविना सातवी करून तालुक्याच्या शाळेत गेली आणि तिथं वादविवादात बोलते म्हणे. शाळेत आता नवा फळा आलाय. त्याला ग्वारानी येते आणि पेन लागत नाही, बोटानं भागतं. माझं टोक झिजून वाकडं झालंय. खडूच्या डब्यात पडून असतो मी. कुणी बाहेर काढलं तर आनंद आहे, नाही काढलं तरी तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे, विशेषतः शिक्षकांकडे. पोराचं लिहिलेलं छापील होऊन समोर आलं आणि त्यानं मन दुखावलं, तर रागावण्याआधी त्याला एवढं विचारा, बाळा, तू काय लिहिलं होतंस? त्या गुरुवारी बाईंनी हे विचारलं नाही, आणि फळ्याला किंवा मला काही सांगता आलं नसतं. लिदुविना बोलली म्हणून निभावलं. प्रत्येक वर्गातली लिदुविना बोलेलच असं नाही.