राखलेलं कुरण

सोनगीरच्या पुढे, टेकडीच्या उतारावर गावाचं कुरण होतं. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दसऱ्यापर्यंत तिथं गुरं सोडायची नाहीत, विळाही लावायचा नाही. दसऱ्याला पहिली पेंढी देवळात ठेवायची, मग घरटी वाटे पाडायचे. त्या गवतावर गावची गुरं उन्हाळा काढत.

राखणदार नथ्थूआबा. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोनंच, बेबाबाईनं, चोरून भारा कापला होता. आबांनी तो भर गावात तिला डोक्यावरून उतरवायला लावला. तेव्हापासून त्यांचा शब्द कुणी मोडला नव्हता.

दसरा आठ दिवसांवर असताना नात मोहिनी तळहातावर अळी घेऊन धावत आली.

"आबा, हिच्या डोक्यावर बघा, इंग्रजी वाय उलटा काढलाय. बाईंनी शाळेत दाखवली होती. मक्यावरची लष्करी अळी. शेजारच्या निंबाकाकांच्या मक्यातून आपल्या गवतात आलीय."

"अळ्या दरसाल येतस, बेटा. बगळा खाई जातस."

"ही परदेशातून आलेली आहे, आबा. बगळ्यांना नाही आवरायची."

आबा कुरणाकडे गेले. मक्याच्या बाजूची पाती चाळणीसारखी झाली होती. आतलं गवत मात्र कमरेइतकं, हिरवंगार. गावातला योगराज आणि चार-पाच जण विळे घेऊन उभेच होते.

"आबा, आज कापू द्या. जे वाचेल ते वाचेल."

'कापा' हा शब्द आबांच्या ओठांवर आला. तेवढ्यात वाटेनं बेबाबाई घागर डोक्यावर घेऊन जाताना दिसली. आज नियम मोडला, तर त्या दिवशी तिला सगळ्यांदेखत खाली बघायला लावलं ते कशासाठी?

"दसराले," ते म्हणाले. "तोपावत विळा लावानं नही."

योगराजनं विळा कमरेला खोचला. सगळे परतले.

सहाव्या दिवशी कुरणात नुसत्या काड्या उरल्या होत्या. बांधावरून अळ्यांची रांग पलीकडच्या ज्वारीत उतरत होती. बेबाबाई आबांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मना भारा उतारा व्हता तुम्हीन," ती म्हणाली. "आते अळीना उतारा."

ती हसली नाही. आबांनीही मान वर केली नाही.

घरची गाय, मोरी, गाभण होती. उन्हाळाभर तिला घालायला आता काही नव्हतं. बेबाबाईचा भाऊ यावलकडचा. त्याच्याकडे पाटाचं पाणी, हिरवा चारा. दसऱ्याला तो मोरीला न्यायला टेम्पो घेऊन आला.

"थांब जरा," आबा म्हणाले.

त्यांनी मोरीला कुरणाशी नेलं आणि रिवाजाप्रमाणे फाटक उघडलं. दरवर्षी पेंढी देवळात गेली की पहिली तीच आत शिरायची. आजही शिरली. नाक जमिनीला लावून थोडी पुढे गेली, थांबली आणि वळून आबांकडे पाहत राहिली.

आबांनी तिच्या गळ्यातली घंटा सोडून बेबाबाईच्या हातात दिली. मग दावं धरून ते टेम्पोकडे निघाले. फाटक लावायला कुणी मागं वळलं नाही.