सात पावलांवरचा नळ

गल्लीतला पहिला नळ आजोबांनीच आणला, याबद्दल घरात कधी दुमत नव्हतं. पुरावा एकच: आत्या. वय शहाऐंशी, कान अर्धा, आवाज दीड.

पण गल्लीला नाव द्यायचं ठरलं तेव्हा समितीवरचा लॉन्ड्रीवाला म्हणाला, "आत्याबाई आदरणीय आहेत, पण त्या काही कागद नाहीत. शुक्रवारपर्यंत कागद आणा, नाहीतर पाटी आमच्या आजोबांची. गल्लीतली पहिली इस्त्री त्यांची."

"अर्ध्या गल्लीचे सदरे जाळले त्या इस्त्रीनं!" आत्या कडाडली आणि भाच्याकडे वळली. "दप्तर, ऊठ. आबांची अब्रू आता तुझ्या हातात."

दप्तर हे भाच्याचं घरातलं नाव. निवृत्त झाल्यापासून त्याला पूर्वजांनी झपाटलं होतं. पणजोबांचा चष्मा कोणी मोडला, याच्या त्याच्याकडे तीन जबान्या होत्या, तिन्ही वेगळ्या.

नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात तो दोन दिवस धूळ खात बसला. तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी एक जाडजूड गठ्ठा आणून आदळला. "तुमच्या आजोबांचा स्वतंत्र गठ्ठा आहे हो."

दप्तरची छाती फुगली. "एवढं मोठं काम केलं होतं?"

"एवढं डोकं खाल्लं होतं."

एकतीस पत्रं. एकतीसही हरकतीची. नळ आला की बायका जमतील, जमल्या की बोलतील, बोलल्या की आमची दुपारची झोप जाईल, सबब नळ नको. खाली आजोबांची सही, अर्धं पान अडवून बसलेली.

हे दाखवलं तर इस्त्री पाटीवर चढलीच म्हणायची. गठ्ठा गुपचूप बांधून 'काही सापडलं नाही' म्हणावं, असं दप्तरनं ठरवलंही. दोरी बांधता बांधता नजर सहीच्या वर गेली. 'नळ नको' संपल्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती: 'तथापि बसवणारच असाल तर आमच्या दारापासून सात पावलांवर, सावलीत बसवावा.' पुढच्या पत्रात तोट्या दोन झाल्या होत्या. शेवटच्या पत्रात तर, 'ओटा गुडघ्याइतका असावा, म्हणजे भरलेली बादली उचलताना कंबर धरत नाही.'

आजोबांनी जन्मात बादली उचलली नव्हती. पाण्याचा पेलासुद्धा त्यांना हातात लागे.

आणि ते अक्षर! ळ ची मूठ छत्रीच्या दांड्यासारखी. घरच्या कपाटाच्या दाराआड, कोणाचं भांडं कोणाकडे गेलं याची आजीची यादी होती, तिथला ळ असाच. शेवटच्या पत्रावर साहेबांचा शेरा: 'अर्जदाराच्या सूचनेप्रमाणे नळ बसवला.'

घरी येऊन त्यानं सगळं वाचून दाखवलं. आत्याचा आवाज दीडवरून एकदम अर्ध्यावर आला. हेच मुळात नोंद करण्यासारखं.

"आबा पडल्या पडल्या सांगायचे, आई लिहायची," ती म्हणाली. "वाचायचे नाहीत कधी. म्हणायचे, मी सांगितलं म्हणजे तेच असणार."

"म्हणजे नळ आजीनं आणला."

"बाईच्या अर्जाला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आबांनी हरकत घेतली म्हणून पत्र गेलं, पत्र गेलं म्हणून नळ आला. म्हणजे आबांनीच आणला की!"

शुक्रवारी दप्तरनं एकतीसही पत्रं समितीपुढे मांडली. हरकतींसकट, एकही लपवलं नाही; बारीक अक्षरातल्या ओळी आजीच्या, हेही सांगितलं. लॉन्ड्रीवाल्यानं शेवटची ओळ दोनदा वाचली. "आमचं दुकान तीन पिढ्या याच ओट्यावरून पाणी भरतंय," तो म्हणाला. "माझ्या आजीची कंबर शेवटपर्यंत ताठ होती. लावा तुमच्या आजीची पाटी."

पाटी लागली. दुसऱ्याच सकाळी आत्यानं दप्तरला कागद घेऊन बसवलं. "लिही. पाटीस आमची सक्त हरकत आहे. नाव आबांचं हवं होतं. शिवाय पाटी आमच्या खिडकीसमोर आहे, ऊन चमकून डोळ्यांवर येतं. सबब काढावी. लिहिलंस?"

"लिहिलं."

दप्तरनं खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली: 'तथापि ठेवणारच असाल तर सात पावलं पुढे, नळाच्या बरोब्बर वर लावावी.'

"वाचून दाखवू, आत्या?"

"कशाला? मी सांगितलं म्हणजे तेच असणार," आत्या म्हणाली आणि अर्धं पान अडवून सही ठोकली.